वेदनेचा उंबरठा

पायात काटा मोडला तर तो दाखविता येतो. ताप आला तर अंगास हात लावून पाहता येते. हाड मोडले तर ते क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. दुखणे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक असते. ते दुसऱ्यास पटवून देण्याचे साधन माणसाजवळ शब्दांखेरीज नाही, आणि शब्दांवर विश्वास ठेवणे न ठेवणे हे सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. ज्यास वारंवार दुखते, परंतु ज्याच्या अंगावर जखमेची खूण दिसत नाही, अशा माणसावर खोटेपणाचा आळ येण्यास फारसा वेळ लागत नाही. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी ज्ञानतंतूंच्या अंतर्भागी शिरून जे पाहिले, त्याने ह्या आळाचा बराचसा निकाल लावला आहे. तो निकाल कोणता, हे समजून घेण्याकरिता श्रोत्यांनी काही वेळ गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात यावे.

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या पूर्व अंगास, छत्तीसगडच्या अरण्यास लागून एटापल्लीचा मुलूख पसरला आहे. साग, बांबू, मोह आणि तेंदू ह्यांचे दाट रान, मधून वाहणारे नदीनाले, आणि रानाच्या कुशीत दूरदूर वसलेली माडिया गोंडांची लहान लहान गावे, असे ह्या प्रदेशाचे रूप आहे. येथील माणसाचे वर्ष रानाच्या घड्याळावर चालते. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे उठून मोहफुले वेचावयाची, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडावयाचा, पाऊस लागला की गुडघाभर चिखलात उभे राहून धानाची रोवणी करावयाची, आणि थंडीच्या रात्री शेकोटीच्या आधाराने काढावयाच्या. पावसाळ्यात नाले भरून आले की कित्येक गावांची वाट तुटते, आणि मग आजारी माणसास खाटेवर घालून खांद्यावरून न्यावे लागते.

अशाच एखाद्या गावातील, आश्रमशाळेत शिकणारी दहा-बारा वर्षांची मुलगी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. पौषातल्या सकाळी तिने गार पाण्याने अंघोळ केली. दुपारपर्यंत तिच्या मांड्यांची आणि पाठीची हाडे ठणकू लागली. गुरुजींनी पाहिले, तो सूज नाही, जखम नाही, पडल्या-झडल्याची खूण नाही. अभ्यास चुकविण्याचे निमित्त असावे, असे त्यांच्या मनात आले. रात्री तर अंगावर पांघरूण टाकले तरी ती किंचाळू लागली. तेव्हा घरची माणसे येऊन तिला घेऊन गेली. गावच्या पुजाऱ्याने आपले उपचार केले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले, तेथे सुई मिळाली. चवथ्या दिवशी मुलगी उठून चालू लागली, आणि तिला काही झालेच नव्हते असे सर्वांनी ठरविले. दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा झाला. ह्या खेपेस गुरुजींनी पाहिलेसुद्धा नाही. ही मुलगी कल्पनेतील खरी. परंतु तिच्यासारखी मुले-मुली गडचिरोली आणि चंद्रपूरच्या रानगावांतून पुष्कळ आहेत. त्यांच्या विकारास तिकडे सर्वजण सिकलसेल ह्याच नावाने ओळखतात.

ह्या विकाराची पहिली नोंद 1910 साली अमेरिकेतील शिकागो शहरी जेम्स हेरिक ह्या वैद्याने केली. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्याला वाटोळ्या तांबड्या पेशींऐवजी विळ्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्या. पुढे 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्याचे सहकारी ह्यांनी दाखविले की, हा दोष रक्तास तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. व्हर्नन इन्ग्रॅम ह्याने त्या रेणूतील नेमकी जागाही शोधून काढली. 146 मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी जो ग्लुटामिक आम्लाचा मणी असावयाचा, त्या जागी व्हॅलीनचा मणी आलेला असतो. चूक एवढीच, परंतु तिच्यामुळे, प्राणवायू सोडून दिल्याबरोबर हे रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या ताठ काड्या बनतात आणि पेशीस विळ्याचा आकार येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटून जाते.

हिंदुस्थानात हा विकार 1952 साली निलगिरीच्या डोंगरातील जमातींत प्रथम ओळखला गेला, आणि 1958 साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वावर लेख प्रसिद्ध केले. आई आणि बाप ह्या दोघांकडून सदोष वारसा आला तरच मूल ग्रस्त होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक राहते, आणि त्यास बहुधा काही त्रास होत नाही. हा दोष रानमुलखातच का टिकला, ह्याचे उत्तर 1954 साली अँथनी ॲलिसन ह्याने आफ्रिकेत शोधले. वाहक माणसास घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, असे त्यास आढळले. महाराष्ट्रात हिवतापाचा विषय निघाला की गडचिरोलीचे नाव निघते, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या वारशाने पिढ्यान्‌पिढ्या मुले वाचविली, तोच वारसा दोन्हीकडून आला असता मुलास पीडा कशी देतो, हे लक्षात येते.

आता मूळ प्रश्न असा की, ह्या मुलीस दुखते ते का? जुने उत्तर सोपे होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या मांसास आणि हाडास रक्त मिळत नाही, आणि उपाशी राहिलेला तो भाग ठणकतो. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. रक्तवाहिनी मोकळी झाल्यावरही कित्येकांचे दुखणे मागे का राहते? पांघरुणाचा स्पर्श सुरीसारखा का लागतो? जी थंडी शेजारच्या मुलीस नुसती बोचते, ती हिला असह्य का होते? रक्ताकडे पाहून ह्या प्रश्नांची उत्तरे मिळेनात, तेव्हा शास्त्रज्ञांनी आपली दृष्टी ज्ञानतंतूंकडे वळविली.

वेदनेची वार्ता वाहणारे ज्ञानतंतू सर्व शरीरात पसरलेले आहेत. अशा प्रत्येक तंतूची पेशी पाठीच्या कण्यालगतच्या एका गाठीत बसलेली असते. तिची एक लांब फांदी त्वचेपर्यंत किंवा हाडापर्यंत पोहोचते, आणि दुसरी पृष्ठरज्जूत शिरते. पायाच्या अंगठ्याकडे जाणारी फांदी प्रौढ माणसात हातभराहून पुष्कळ अधिक, जवळजवळ मीटरभर लांब असते. ह्या फांदीच्या टोकावर प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म दारे आहेत. कोणते दार उष्णतेने उघडते, कोणते दाबाने, कोणते आम्लाने. दार उघडले की बाहेरचे सोडियम आणि कॅल्शियम ह्यांचे विद्युद्भारित कण आत घुसतात, तंतूत विजेची एक लाट उठते, आणि ती पृष्ठरज्जूकडे धाव घेते. परंतु प्रत्येक दारास उंबरठा आहे. तो ओलांडण्याइतकी चेतना मिळाल्यावाचून दार उघडत नाही. वाऱ्याची झुळूक किंवा वस्त्राचा स्पर्श ह्यांनी दुखत नाही, ह्याचे कारण हा उंबरठा होय.

ह्यांपैकी एका दाराचा शोध मोठा मनोरंजक आहे. 1997 साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्याचे सहकारी मिरचीच्या तिखटपणाचा माग काढीत होते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य ज्ञानतंतूंच्या ज्या दारावर काम करते, ते दार त्यांनी शोधले. आणि तेच दार सुमारे 43 अंश सेल्सियस उष्णतेसही उघडते, असे त्यांना दिसून आले. भिवापूरची मिरची जिभेस ‘जाळते’, हे आपल्या भाषेतले बोलणे ज्ञानतंतूंच्या दृष्टीने शब्दशः खरे ठरले. त्या दारास शास्त्रज्ञ टीआरपीव्ही-1 असे नाव देतात. ह्या शोधाबद्दल ज्युलियसला, आणि स्पर्शाची दारे शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन ह्याला, 2021 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या गृहिणीने उखळात लाल मिरची कांडली आहे, तिला एक अनुभव निश्चित असेल. त्याच हातांवर कोमट पाणी घेतले तर ते कढत वाटते. पाणी तेच, हातही तेच. परंतु मिरचीने दाराचा उंबरठा खाली आणलेला असतो, म्हणून एरवी सुखद वाटणारी ऊबच चटका होते. सिकलसेलच्या वेदनेची किल्ली ह्या लहानशा अनुभवात आहे. कारण मिरची बाहेरून जे करते, तेच काम दुखावलेले शरीर आपल्याच रसायनांनी आतून करते.

ते कसे, हे क्रमाने पाहावे. रक्तावाचून राहिलेल्या भागात आम्ल साचते. फुटलेल्या पेशींतून एटीपी हे द्रव्य बाहेर सांडते; पेशींच्या आत असते तोवर ते शक्तीचे भांडवल होय, पण बाहेर पडले की ज्ञानतंतूंस ते धोक्याची हाक वाटते. रक्तद्रवातून ब्रॅडिकायनिन तयार होते. जवळच्या पेशी प्रोस्टॅग्लँडिन नावाचे स्निग्ध द्रव्य सोडतात. ह्यांतील काही द्रव्ये दारे स्वतः उघडतात. बाकीच्यांचे काम अधिक गूढ आहे. ती दार उघडीत नाहीत, तर दाराची घडण बदलतात. ब्रॅडिकायनिन तंतूच्या पृष्ठभागावरील आपल्या ग्राहकास येऊन चिकटते. ग्राहक आतील एका मदतनिसास हलवितो. तो दुसऱ्यास जागा करतो. आणि अखेर कायनेज नावाचे एन्झाइम मिरचीच्या त्या दारावर फॉस्फेटचा एक लहानसा गट जोडते. प्रोस्टॅग्लँडिनच्या हुकुमाने दुसरे कायनेज सोडियमच्या दारावर तसाच गट जोडते. एका हाताने दुसऱ्या हातास निरोप द्यावा, तशी ही साखळी आहे. फॉस्फेटचा तो गट डोळ्यांस दिसणार नाही इतका लहान. पण तो जोडला गेला की जे दार 43 अंशांवर उघडावयाचे, ते शरीराच्या नेहमीच्या उष्णतेच्या आसपासच उघडू लागते. बाहेर आग नाही, घाव नाही. आपल्याच रक्ताची ऊब ह्या तंतूस जाळू लागते. ही सारी घडामोड काही मिनिटांची आहे.

ह्यानंतर सावकाश चालणारा दुसरा अंक सुरू होतो. दुखावलेल्या भागातून नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचे प्रथिन सुटते. रिता लेव्ही-मोंताल्चिनी ह्या इटालियन विदुषीने आणि स्टॅन्ली कोहेन ह्याने हे प्रथिन तंतूंच्या वाढीचा अभ्यास करताना शोधले, आणि त्याबद्दल 1986 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बालपणी जे प्रथिन तंतू वाढविते, तेच मोठेपणी दुखऱ्या भागात वेदना वाढविते. तंतूच्या टोकाशी ते आपल्या ग्राहकास भेटते, ग्राहकासह आत ओढले जाते, आणि फांदीच्या आतील वाटेने कण्यालगतच्या मूळ पेशीपर्यंत प्रवास करते. लांब फांदीत हा प्रवास काही दिवसांचा असतो. तेथे पोहोचल्यावर पेशीस आज्ञा मिळते की, अधिक दारे तयार कर. नवी दारे त्याच वाटेने टोकाकडे रवाना होतात. म्हणजे मूळ दुखापत बरी होऊ लागली असतानाच, तिची वार्ता देणारी यंत्रणा अधिक जागरूक होत असते. झटका ओसरला तरी मागे हुळहुळेपणा का राहतो, ह्याचे एक कारण हे होय.

ज्ञानतंतू केवळ निरोप वाहतो असेही नाही. तो उलट दिशेनेही काम करतो. 1931 साली लंडन येथे फॉन ऑयलर आणि गॅडम ह्यांनी शोधलेले ‘सबस्टन्स पी’ नावाचे द्रव्य तो आपल्या टोकांतून आसपासच्या मांसात सोडतो. त्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तेथील मास्ट पेशी जाग्या होतात. त्या आपली दाहक द्रव्ये सोडतात. आणि ती द्रव्ये पुन्हा त्याच तंतूस डिवचतात. दुखण्याने दाह आणि दाहाने दुखणे, असे हे रहाटगाडगे फिरू लागते. शिवाय पृष्ठरज्जूतील पुढच्या तंतूवरही परिणाम होतो. एरवी त्याची काही दारे मॅग्नेशियमच्या कणांनी बुजविलेली असतात. वार्तांचा मारा सतत चालला म्हणजे ती बुचे निघून जातात, आणि मग साध्या स्पर्शाची वार्तादेखील वेदना म्हणून पुढे जाते. पृष्ठरज्जूचा हा हळवेपणा 1983 साली क्लिफर्ड वूल्फ ह्याने प्रयोगाने दाखविला. पांघरुणाच्या स्पर्शाने मुलगी का किंचाळली, ह्याचे उत्तर येथे सापडते.

निसर्गाने अशी व्यवस्था का केली असावी? तिचे महत्त्व ती नाहीशी झाली म्हणजे कळते. जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे ह्यांनी 1949 च्या सुमारास आनंदवनाचा प्रारंभ केला. तेथे आलेल्या कुष्ठरोग्यांची बोटे झडलेली असत. ती मुख्यतः रोगाने थेट खाल्लेली नव्हती. रोगाने ज्ञानतंतू मारले, दुखणे नाहीसे झाले, आणि मग न कळलेल्या चटक्यांनी व जखमांनी बोटांचा नाश केला. दुखणे हा पहारेकरी आहे. पाय मुरगळला असता तो काही दिवस हळवा राहतो, म्हणूनच त्याच्यावर भार पडत नाही आणि तो बरा होतो. परंतु ही व्यवस्था एखाद्या वेळच्या दुखापतीसाठी आहे. सिकलसेलमध्ये दुखापत वर्षातून कित्येकदा होते, आणि दोन मोठ्या झटक्यांच्या मध्येही वाकड्या पेशींची लहानसहान कुरबुर चालूच असते. पहारेकऱ्यास विसावा मिळत नाही. उंबरठा पूर्ववत् वर येण्यापूर्वीच पुन्हा खाली जातो.

हा केवळ तर्क नव्हे. मानवी सिकल हिमोग्लोबिन अंगी असलेले उंदीर प्रयोगशाळांत तयार करण्यात आले आहेत. अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. कल्पना गुप्ता ह्यांच्या गटाने 2010 साली दाखविले की, असे उंदीर स्पर्श, उष्णता आणि थंडी ह्यांस निरोगी उंदरांपेक्षा अधिक लवकर वेदनेची प्रतिक्रिया देतात, आणि त्यांच्या त्वचेतील तंतूंतही बदल झालेला असतो. पुढच्याच वर्षी मिलवॉकी येथील शास्त्रज्ञांनी त्या उंदरांच्या त्वचेतील तंतू तपासले. ते तंतू दाबास अतिहळवे झाले होते, आणि मिरचीचे ते दार औषधाने बंद करताच तो हळवेपणा ओसरला. 2013 साली गुप्ता ह्यांच्याच गटाने मास्ट पेशींचा ह्या प्रकरणातील हात उघड केला. त्याच वर्षी मिलवॉकी येथे सिकलसेलच्या प्रत्यक्ष रुग्णांची परीक्षा झाली. त्वचेवर यंत्राने हळूहळू थंडी आणि उष्णता वाढवीत नेली असता, निरोगी माणसांस ज्या मर्यादेवर दुखू लागते तिच्या अलीकडेच ह्या रुग्णांस दुखू लागले. आणि ही परीक्षा ते झटक्यात नसताना घेतलेली होती. तात्पर्य, गार पाण्याची तक्रार करणारी मुलगी लाडावलेली नव्हे. तिचा उंबरठा खरोखरच खाली आलेला असतो, आणि तो मोजता येतो.

ह्या ज्ञानाचा एटापल्लीस उपयोग काय, असे कोणी विचारील. पहिला उपयोग असा की, दुखण्यावर तात्काळ आणि पुरेसा इलाज करणे ही रुग्णाची मनधरणी नसून ती चिकित्सा आहे. वार्तांचा मारा जितका लांबेल, तितकी तंतूंत आणि पृष्ठरज्जूत बदल होण्यास सवड मिळते. रोगी फार ओरडू लागला म्हणजे सुई द्यावी, ही रीत म्हणूनच चुकीची आहे. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टॅग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन ह्याने 1971 साली सिद्ध केले. म्हणजे ती उंबरठा खाली येण्याची एक वाट रोखतात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे नाजूक असतात, सबब ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. तीव्र झटक्यास मॉर्फिनच्या वर्गातील औषध लागते. ते तंतूच्या पृष्ठरज्जूतील टोकावर कॅल्शियमची दारे मिटवून निरोपच पुढे जाऊ देत नाही. अफूच्या वर्गातील औषधांवर आपल्याकडे 1985 च्या कायद्याने कडक निर्बंध आले होते. रुग्णांस ती मिळणे सुलभ व्हावे म्हणून 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. वेदनेने पुन्हा पुन्हा दवाखान्यात येणाऱ्यास व्यसनी समजण्याची घाई करू नये, हे त्या दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे.

नव्या औषधांचा शोधही ह्याच दारांच्या आधाराने चालला आहे. मिरचीचे दार सर्वस्वी बंद करणारी काही औषधे माणसांस देऊन पाहिली, तेव्हा कोणाचा ताप चढला, तर कोणास कढत वस्तूचा चटका वेळेवर समजेना. पहारेकऱ्यास ठार मारून भागत नाही, हा धडा त्यातून मिळाला. सोडियमचे जे दार मुख्यतः वेदनेच्या तंतूंतच असते, तेवढेच रोखणारे सुझेट्रिजिन नावाचे औषध जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत तीव्र वेदनेकरिता मान्य झाले.

तथापि सर्वांत चांगला इलाज म्हणजे झटकाच येऊ न देणे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध शरीरात बाल्यावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते, आणि त्यामुळे सदोष रेणूंच्या काड्या बनण्यास अडथळा येतो. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुलांस दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम इतके अल्प प्रमाण देऊन पाहिले, आणि झटके पुष्कळ कमी होतात असे 2012 साली प्रसिद्ध केले. स्वस्त गोळी आणि अल्प मात्रा, ही रानातल्या गावास परवडणारी गोष्ट आहे. मात्र मधून मधून रक्त तपासून घ्यावे लागते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे 1973 सालापासून चालत आलेल्या लोक बिरादरी प्रकल्पाने एवढे तरी दाखवून दिले आहे की, रानातला माणूस दवाखान्यास भितो तो दवाखाना परका वाटतो म्हणून. आपुलकीने बोलाविले तर तो चालत येतो.

ह्याखेरीज ज्या गोष्टींस पैसा लागत नाही, त्याही थोड्या नाहीत. ग्रस्त मुलास अंघोळीस ऊन पाणी द्यावे आणि थंडीत अंगभर पांघरूण द्यावे. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत त्याने वरचेवर पाणी पीत राहावे. कारण अंगातील पाणी आटले की पेशींतील रेणू दाटीने एकमेकांस चिकटतात. रोवणीच्या गार चिखलात तासन् तास उभे राहण्याची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नये. ताप आला तर तो हिवतापाचा आहे की काय, हे त्याच दिवशी पाहावे. वाहकास हिवतापापासून संरक्षण असते, ग्रस्तास तोच हिवताप प्राणावर बेतू शकतो. सोयरीक जुळविताना दोन्ही बाजूंचे रक्त तपासलेले असावे. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक निघाले तर, होणाऱ्या प्रत्येक मुलास ग्रस्त होण्याचा संभव चारांत एक इतका असतो, हे त्यांस आधीच समजलेले बरे.

राहिली ती आश्रमशाळेतील मुलगी. तिच्या गुरुजींस टीआरपीव्ही-1 हे नाव ठाऊक असण्याची गरज नाही, कायनेजची साखळी पाठ करण्याचीही नाही. अंगावर खूण नसतानाही वेदना खरी असू शकते, आणि ती पुन्हा पुन्हा आल्याने खोटी ठरत नाही, उलट अधिक तीव्र होते, एवढे त्यांना ठाऊक असले तरी पुरे. मग पौषातल्या त्या सकाळी मुलगी मांड्या धरून बसली, तर ते तिला कोमट पाणी देतील, कांबळे देतील, आणि अभ्यासाचे पुढे पाहू असे म्हणून तिला वेळेवर दवाखान्यात धाडतील. रात्र पडण्यापूर्वी औषध मिळाले, तर पांघरुणाच्या स्पर्शाने किंचाळण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.